स्पेक सेम, रॅकेट वेगळी: टेनिस रॅकेटची तुलना मोबाइलने कशी करायची?

गेल्या हिवाळ्यात माझं उजवं कोपर इतकं दुखायला लागलं की दुधाची पिशवी उचलताना हात बदलावा लागायचा. बाइकचा ॲक्सिलरेटर पिळला की कळ यायची. डॉक्टर म्हणाले, "टेनिस एल्बो आहे. सहा आठवडे खेळायचं नाही, हे व्यायाम करायचे." सहा आठवड्यांनी कोर्टवर परत गेलो तेव्हा ऑफिसमधल्या एका मित्राने त्याची नवीकोरी रॅकेट हातात दिली. "ही मारून बघ," म्हणाला. दहा बॉल मारले आणि वाटलं, अरे, हेच तर हवं होतं! बॉल मऊ लागतोय, लांब जातोय, कोपराला काही जाणवत नाहीये.

त्याच रात्री ती रॅकेट कार्टमध्ये टाकली. किंमत अठरा हजारांच्या आसपास. पेमेंट करण्याआधी एकच प्रश्न डोक्यात आला. ऑफिसमध्ये साधा बटणाचा रंग बदलायचा असला तरी आम्ही आधी ए-बी टेस्ट करतो, आणि इथे मी दहा बॉलवर अठरा हजार घालवायला निघालोय?

म्हणून ठरवलं, आधी मोजायचं आणि मग घ्यायचं. लागणारी बहुतेक साधनं खिशातल्या फोनमध्येच होती. ती कशी वापरली आणि त्यातून काय निघालं, ते या लेखात सांगतो. तुम्ही माझ्यासारखेच रविवारचे खेळाडू असाल, तर पैसे खर्च करण्याआधी एकदा करून बघा.

स्पेकशीट काय सांगते आणि काय लपवते

फोन घेताना आपण रॅम, बॅटरी, मेगापिक्सेल बघतो. रॅकेटचे स्पेक म्हणजे हेड साइझ, वजन, बॅलन्स, लांबी आणि तारांचा पॅटर्न. आता गंमत बघा. बाबोला प्युअर ड्राइव्ह, बाबोला प्युअर एरो, योनेक्स ईझोन १०० आणि हेड स्पीड एमपी ही चार लोकप्रिय मॉडेल्स घ्या. हेड साइझ सगळ्यांचा १०० चौरस इंच. वजन तारांशिवाय ३०० ग्रॅम. लांबी २७ इंच. बॅलन्स ३२ सेंटीमीटर. पॅटर्न १६ उभ्या, १९ आडव्या. म्हणजे कागदावर चौघी जुळ्या बहिणी. पण ज्याने दोन-तीन खेळून बघितल्यात तो सांगेल, हातात त्या अजिबात सारख्या लागत नाहीत.

५० मेगापिक्सेलच्या दोन फोनचे फोटो सारखे येत नाहीत, तसंच हे. आकडा खरा असतो, पण तो पूर्ण गोष्ट सांगत नाही. या शीटवर तीन गोष्टी सहसा नसतात किंवा कोपऱ्यात असतात:

१. स्विंगवेट, म्हणजे फिरवताना रॅकेट किती जड लागते.
२. फ्रेमचा कडकपणा. याचा आकडा 'आरए' नावाने ओळखला जातो. आजच्या बहुतेक रॅकेट साधारण ५५ ते ७२ च्या मध्ये येतात. आकडा जितका मोठा, तितकी फ्रेम कडक.
३. तारा. कुठल्या आहेत, किती ताणल्यात, कधी बसवल्यात.

तिसरी गोष्ट तर रॅकेटच्या स्पेकमध्ये येऊच शकत नाही, कारण ती दुकानातल्या गटिंगवाल्याच्या हातात असते. आणि बॉलला स्पर्श फक्त तारांचाच होतो.

स्विंगवेट: वीस झोके आणि एक स्टॉपवॉच

क्रिकेटची बॅट घेताना आपण काय करतो? वजन न विचारता बॅट उचलतो आणि म्हणतो, "पिकअप भारी आहे." दोन बॅटांचं वजन सेम असलं तरी एक हलकी लागते, कारण तिचं वजन हाताजवळ आहे. टेनिसमध्ये याच पिकअपला आकडा आहे, तो म्हणजे स्विंगवेट. फिजिक्सच्या भाषेत, मुठीच्या टोकापासून १० सेंटीमीटरवरच्या अक्षाभोवतीचं जडत्व आघूर्ण. बारावीत पाठ करून विसरलो होतो, ते इथे कामाला आलं. तारा लावलेल्या मोठ्यांच्या रॅकेटचा आकडा बहुतेक वेळा २८० ते ३४० मध्ये असतो.

दुकानात हे मोजायला खास मशीन लागतं. घरी लंबकाची युक्ती चालते:

१. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रॅकेटचं वजन घ्या. ते किलोमध्ये लिहा.
२. पट्टीच्या कडेवर रॅकेट आडवी तोलून बघा. जिथे ती स्थिर राहते, तिथपासून मुठीच्या टोकापर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये मोजा. हा झाला बॅलन्स.
३. स्वेटर विणायची लांब सरळ सुई मुठीच्या अगदी टोकाला टेपने घट्ट चिकटवा. सुई तारांच्या जाळीला समांतर हवी.
४. दोन टेबलांमध्ये फूटभर जागा सोडा. सुईची दोन टोकं टेबलांच्या कडांवर ठेवा आणि रॅकेट डोकं खाली करून लटकवा.
५. हलकासा झोका द्या. टोक आठ-दहा सेंटीमीटर हललं तरी पुरे. झोका जाळीच्या पुढे-मागे जायला हवा, डावी-उजवीकडे नाही.
६. फोनच्या स्टॉपवॉचवर पूर्ण २० झोक्यांचा वेळ घ्या. एक झोका म्हणजे जाऊन परत येणं.

आता हे सूत्र:

स्विंगवेट = २४.८५ × वजन × बॅलन्स × (एका झोक्याचा वेळ)² − वजन × (२० × बॅलन्स − १००)

माझ्या रॅकेटचं वजन ०.३१६ किलो, बॅलन्स ३२.६ सेंटीमीटर. वीस झोक्यांना २७.८५ सेकंद, म्हणजे एका झोक्याला १.३९२५ सेकंद. पहिला भाग आला ४९६.४, दुसरा १७४.४. वजा केलं, उत्तर ३२२.

मित्राच्या रॅकेटचं वजन ०.३१७ किलो, बॅलन्स ३२.३, वीस झोक्यांना २७.५९ सेकंद. उत्तर ३११.

गंमत कळली का? मित्राची रॅकेट काट्यावर एक ग्रॅमने जड, पण फिरवताना ११ पॉइंटने हलकी! नेटजवळ व्हॉली मारताना ती पटकन समोर येत होती, त्याचं कारण इथे सापडलं.

एक काळजी घ्या. वेळेत ०.१ सेकंदाची चूक झाली तर उत्तर साडेतीन पॉइंटने हलतं. म्हणून पाच वेळा मोजा आणि सरासरी काढा. मी कमी वेळा मोजलं असतं, तर हा ११ चा फरक खरा की माझ्या अंगठ्याचा, हे सांगता आलं नसतं.

आणि स्विंगवेट वाढवायला नवी रॅकेट लागत नाही. फ्रेमच्या अगदी टोकाला १ ग्रॅमची शिशाची टेप लावली की साधारण ३.३ पॉइंट वाढतात. कमी करणं मात्र अवघड. म्हणून दोन रॅकेटमध्ये अडकलात, तर थोडी हलकी घ्या.

तारा: फोनचा माइक काय ऐकतो

तारांची जाळी म्हणजे एक वाद्यच. ताण जास्त, तर सूर वर. ताण उतरला, की सूर खाली. फोनचा माइक हा सूर अचूक पकडतो.

यासाठी मी फायफॉक्स हे मोफत ॲप वापरलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं हे ॲप फोनच्या सेन्सरची प्रयोगशाळा करून टाकतं. त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारा प्रयोग आहे. तारांमधला रबरी डॅम्पनर काढा, फोन जवळ धरा आणि जाळीच्या मध्यावर पेनच्या मागच्या टोकाने टकटक करा. स्क्रीनवर ५०० ते ६०० हर्ट्झच्या आसपास एक उंच टोक दिसेल. तो तुमच्या जाळीचा सूर.

यात लक्षात ठेवायचं गणित एकच: ताण हा सुराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सूर १० टक्के उतरला, तर ताण सुमारे १९ टक्के उतरला.

आणि एक चूक टाळा. तुमच्या रॅकेटचा सूर मित्राच्या रॅकेटशी ताडून बघू नका. हेड साइझ, पॅटर्न, तारेची जाडी बदलली की सूर बदलतोच. हा आकडा स्वतःच्या रॅकेटची आज आणि महिन्याभरानंतर तुलना करायला आहे. बॅटरी हेल्थसारखा.

माझी अडचण अशी की माझ्याकडे पहिल्या दिवसाचा आकडाच नव्हता. म्हणून रॅकेट घेऊन गटिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी बोटाने दोन तारा बाजूला सरकवल्या. त्या जागेवर परत आल्याच नाहीत.

"कधी केलं होतंस गटिंग?"

"काका, झाले असतील चौदा महिने."

"पॉलिस्टर, तेही छप्पन्न पाउंडवर! अरे, हे तर कधीच मेलंय. याच्यावर खेळतोस तू?"

पॉलिस्टर मी का लावलं होतं? कारण प्रोफेशनल खेळाडू लावतात. १९९७ मध्ये ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने फ्रेंच ओपन जिंकली तेव्हा त्याच्या रॅकेटमध्ये पॉलिस्टर होतं, आणि त्यानंतर ते सगळीकडे पसरलं. कडक आणि गुळगुळीत असल्यामुळे या तारा बॉल मारताना सरकतात आणि झटकन जागेवर येतात, म्हणून टॉपस्पिन चांगला मिळतो. पण हा गुण लवकर संपतो. मोठे खेळाडू प्रत्येक मॅचला ताज्या तारांच्या रॅकेट घेऊन उतरतात. आपण तार तुटेपर्यंत थांबतो, आणि पॉलिस्टर आपल्या हातून सहजासहजी तुटत नाही. म्हणजे प्रो खेळाडूची तार घेतली, पण त्याची सवय घेतली नाही.

कोर्टवरची ए-बी टेस्ट

आता खरी परीक्षा. रॅकेट ट्राय करताना आपण दोन चुका करतो. एक, आधी जुनी आणि मग नवी खेळतो, म्हणजे नवीच्या वेळेला हात गरम झालेला असतो. दोन, नव्या वस्तूचं कौतुक. किंमत माहीत असली की बॉल आपोआप मऊ लागतो!

म्हणून हे नियम केले:

- दोन्ही मुठींवर एकाच कंपनीची नवी ओव्हरग्रिप.
- रंग आणि नाव झाकायला दोन्हींवर सारखीच मास्किंग टेप. हातात आल्यावर फ्रेम ओळखू येते, त्यामुळे हे पूर्ण 'आंधळं' नाही. पण समोर बॉल मोजणाऱ्या मित्राला कुठली रॅकेट ते कळत नव्हतं.
- क्रम: माझी, त्याची, त्याची, माझी. प्रत्येक वेळी २० फोरहँड. म्हणजे प्रत्येक रॅकेटला ४० बॉल आणि दमण्याचा परिणाम दोघींवर सारखा.
- बॉल सर्व्हिस लाइनच्या पलीकडे आणि बेसलाइनच्या आत पडला, तरच एक गुण.
- हाताला किती आरामदायक वाटलं याला दहापैकी मार्क, पण गुण ऐकण्याआधी.

पहिल्या रविवारी माझी जुनी रॅकेट: ४० पैकी २१, आराम ४. मित्राची: ४० पैकी २९, आराम ८.

झालं की, घ्या नवी! थांबा. नाणं ४०-४० वेळा दोनदा उडवलं, तरी छाप्यांच्या संख्येत चार-पाचचा फरक सहज पडतो. अशा टेस्टमध्ये आठ-नऊपर्यंतचा फरक नुसत्या नशिबानेही येऊ शकतो. म्हणजे आपला ८ चा फरक अगदी काठावर. आणि त्याहून मोठी भानगड म्हणजे मी दोन रॅकेटची तुलना केलीच नव्हती. त्याच्या रॅकेटमध्ये तीन आठवड्यांपूर्वीच्या मऊ मल्टिफिलामेंट तारा होत्या, ५० पाउंडवर. माझ्यात चौदा महिन्यांचं मेलेलं पॉलिस्टर. फ्रेम आणि तारा, दोन्ही एकदम बदलल्या होत्या. कोडमध्ये दोन बदल एकत्र टाकले, तर बग कुठल्या बदलाने गेला हे कळत नाही. इथेही तेच.

काकांना म्हटलं, "मित्राच्या रॅकेटमध्ये आहे तीच तार, तितक्याच ताणावर माझ्यात लावा." मजुरीसकट बाराशे रुपये.

दुसऱ्या रविवारी तोच क्रम, तेच नियम. माझी: ४० पैकी २७, आराम ७. मित्राची: ४० पैकी २८, आराम ८.

२१ आणि २९ चे झाले २७ आणि २८. मला जी 'नवी रॅकेट' आवडली होती, त्यातला मोठा भाग नव्या तारांचा होता. उरलेला थोडा फरक बहुधा त्या ११ पॉइंट स्विंगवेटचा. व्हॉलीला त्याची बरी, बेसलाइनवरून माझी जास्त स्थिर. त्या फरकासाठी अठरा हजार मोजायचे का? मी कार्ट रिकामी केली.

स्लो-मोशनमध्ये काय दिसतं, काय नाही

फोनमध्ये २४० फ्रेमचा स्लो-मो असेल, तर सकाळच्या चांगल्या उन्हात तोही वापरा. पण अपेक्षा नीट ठेवा. बॉल तारांवर फक्त ४ ते ५ मिलिसेकंद असतो. २४० फ्रेममध्ये दोन फ्रेममधलं अंतर ४.२ मिलिसेकंद. म्हणजे टक्कर जेमतेम एखाद्या फ्रेममध्ये सापडणार. तारा कशा वाकल्या वगैरे त्यातून कळत नाही. जाहिरातींमधले तसले व्हिडिओ हजारो फ्रेमच्या कॅमेऱ्यांचे असतात.

पण एक गोष्ट मस्त दिसते: बॉल शरीराच्या पुढे लागतोय की मागे. माझा बॅकहँड जवळजवळ प्रत्येक वेळी उशिरा, कंबरेच्या मागे लागत होता, आणि मग मी मनगटाने ओढून तो वाचवत होतो. दोन्ही रॅकेटने तसाच. हा दोष कुठलीच फ्रेम सुधारणार नाही. कोपराच्या दुखण्यात याचाही वाटा असणार, असं व्हिडिओ बघून फिजिओ म्हणाल्या.

आणि हो, फोन रॅकेटला चिकटवून 'सेन्सर डेटा' घेण्याचा मोह टाळा. तीनशे ग्रॅमच्या वस्तूला दोनशे ग्रॅमचा फोन बांधला, तर तुम्ही वेगळ्याच वस्तूची टेस्ट करताय. शिवाय फोन उडाला तर रॅकेटपेक्षा महाग पडेल.

फेडररलाही वेळ लागला

हे सगळं वेड वाटत असेल, तर रॉजर फेडररचं उदाहरण बघा. कित्येक वर्षं तो ९० चौरस इंचांच्या छोट्या रॅकेटने खेळला. २०१३ मध्ये विम्बल्डनला लवकर हरल्यावर त्याने ९८ इंचांचा प्रोटोटाइप घेऊन हॅम्बर्ग आणि गश्टाड या स्पर्धा खेळल्या. दोन्हीकडे हरला. त्याच वेळी पाठही दुखत होती. म्हणजे दोष रॅकेटचा की पाठीचा, हे त्यालाही वेगळं करता येत नव्हतं. ऑगस्टमध्ये तो जुन्या रॅकेटकडे परतला. पाठ सुधारल्यावर २०१४ मध्ये पुन्हा मोठ्या हेडकडे गेला आणि शेवटी ९७ इंचांवर स्थिरावला. त्याच साइझने २०१७ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली.

सतरा ग्रँड स्लॅम जिंकलेल्या माणसालाही एका वाईट महिन्यावरून निर्णय घेता आला नाही. आपण दहा बॉलवरून घेतो.

मग नवी रॅकेट कधी घ्यायची?

माझा क्रम आता असा आहे:

१. आधी गटिंग. जुनाट नियम असा की आठवड्यात जितक्या वेळा खेळता, तितक्या वेळा वर्षात तारा बदला. कोपर कुरकुरत असेल, तर मल्टिफिलामेंट लावा आणि ताण दोन-चार पाउंड कमी ठेवा.
२. मग मूठ. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यात दुसऱ्या हाताचं एक बोट मावायला हवं. मूठ बारीक असेल, तर ओव्हरग्रिपने जाड होते.
३. मग स्विंगवेट मोजा. गरज असेल तर शिशाची टेप.
४. एवढं करूनही फ्रेम पटत नसेल, तर नवी बघा. आपल्याकडे डेमो रॅकेट सहज मिळत नाहीत, म्हणून ओळखीत कोणाची आहे ते शोधा. निदान दोन वेगळ्या दिवशी आणि शक्यतो सारख्या तारांवर खेळून बघा.

कोपर आता बरं आहे. पण त्याचं श्रेय मी फक्त तारांना देणार नाही. विश्रांती, व्यायाम आणि बॅकहँडची दुरुस्ती हे सगळं त्याच दोन-तीन महिन्यांत झालं. दुखत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, गटिंगवाल्या काकांकडे नंतर.

नव्या गटिंगच्या दिवशी माझ्या जाळीचा सूर ५८८ हर्ट्झ होता. चार आठवड्यांनी ५६० झाला, म्हणजे ताण साधारण ९ टक्के उतरला. ५३० च्या खाली गेला की काकांकडे जायचं, असं फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवलंय. त्याच्या खाली मित्राच्या रॅकेटचे आकडेही आहेत. तो आता म्हणतोय, "तुझी थोडी जड आहे, पण बेसलाइनवरून भारी लागते रे. पुढच्या रविवारी मला देशील?"

त्याला म्हटलं, देतो, पण ४० बॉल मोजून.